क्रुसेड्सवरच्या कादंबऱ्या वाचायला घेताना

सुरुवातीपासून सुरुवात करू नका. ही माझी पहिली सूचना, आणि बाकी सगळं विसरलात तरी एवढी लक्षात ठेवा.

मी ती चूक केली आहे. १०९५ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे पोप दुसरा अर्बन याने भाषण केलं आणि पश्चिम युरोपातले ख्रिस्ती सरदार मुसलमानांच्या ताब्यातलं जेरुसलेम घ्यायला निघाले, अशा मोहिमा म्हणजे क्रुसेड्स, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून पहिल्या मोहिमेवरचीच एक जाडजूड कादंबरी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचलली आणि वाटेतल्या अँटिऑक शहराच्या वेढ्यापर्यंत कसाबसा पोचलो. ऑक्टोबर १०९७ ते जून १०९८ असा तो वेढा चालला. बोहेमंड, रेमंड, गॉडफ्रे, बाल्डविन, टँक्रेड, स्टीफन, शिवाय दोन दोन रॉबर्ट. कोण कोणाचा पुतण्या, कोण कोणावर रुसलाय, काही केल्या कळेना. शहरातल्या लोकांच्या आधी मीच शरण गेलो.

पहिली पायरी: पंधरा वर्षं निवडा

१०९५ ते १२९१ असा जवळजवळ दोनशे वर्षांचा हा पट आहे. नव्या वाचकाने त्यातली ११७७ ते ११९२ एवढीच वर्षं उचलावीत. या विषयावरच्या लोकप्रिय कादंबऱ्यांची गर्दी इथेच आहे, आणि आपल्या मराठी वाचकाला हा काळ चटकन ओळखीचा वाटतो. कारण उघड आहे. यात भाऊबंदकी आहे.

फ्रँक लोकांनी, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या ख्रिस्त्यांनी, १०९९ मध्ये जेरुसलेम जिंकून तिथे आपलं राज्य उभं केलं होतं. ११७४ मध्ये तिथल्या गादीवर तेरा वर्षांचा चौथा बाल्डविन बसला. लहानपणी खेळताना मुलं एकमेकांच्या हाताला चिमटे काढत, बाकीची ओरडत आणि हा शांत राही. त्याचे शिक्षक, पुढे टायरचे आर्चबिशप झालेले विल्यम, यांना आधी वाटलं पोरगं सोशिक आहे. मग लक्षात आलं की हाताला संवेदनाच नाही. ती कुष्ठरोगाची सुरुवात होती. हा प्रसंग विल्यमनी स्वतः आपल्या इतिहासग्रंथात लिहून ठेवला आहे. याच मुलाने सोळाव्या वर्षी, ११७७ मध्ये, माँगिझारच्या लढाईत इजिप्तचा मुसलमान सुलतान सलाहुद्दीन याच्या फौजेला पळवून लावलं.

राजाला मूल होणार नाही हे सगळ्यांना कळलेलं, तेव्हा गादी बहिणीकडे, सिबिलाकडे जाणार. म्हणजे तिचा नवरा कोण याला महत्त्व आलं. नवरा ठरला गी द ल्युझिन्यां, फ्रान्सहून नुकताच आलेला, जुन्या सरदारांच्या डोळ्यांत सलणारा. बाल्डविन ११८५ मध्ये गेला, मागोमाग ११८६ मध्ये त्याचा लहानगा भाचाही गेला. गीला घटस्फोट देशील तरच राणी करू, असं सरदारांनी सिबिलाला बजावलं. ती म्हणाली ठीक, पण पुढचा नवरा मी निवडणार. मुकुट डोक्यावर चढला आणि तिने सगळ्यांसमोर गीलाच पुन्हा निवडून त्याच्या डोक्यावर दुसरा मुकुट ठेवला. जुन्या इतिहासकारांनी हा किस्सा असाच सांगितला आहे. पुढच्याच वर्षी, ४ जुलै ११८७ रोजी, त्याच गीच्या नेतृत्वाखाली हत्तीन या ठिकाणी राज्याची अख्खी फौज कापली गेली, आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेम सलाहुद्दीनच्या हाती आलं. मग युरोपातून तिसरी मोहीम निघाली, इंग्लंडचा राजा रिचर्ड आला, अक्का हे बंदर फ्रँकांनी परत घेतलं, ११९२ च्या सप्टेंबरात तह झाला. संपली पंधरा वर्षं.

एवढा कणा डोक्यात असला की या काळावरची कोणतीही कादंबरी मधूनसुद्धा उघडता येते.

दुसरी पायरी: नकाशा आणि नावं

नकाशा पुस्तकाशेजारी ठेवाच. मोबाइलवरचा चालेल, पण कागदावर स्वतः काढलेला चांगला. भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा, त्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे अँटिऑक, त्रिपोली, टायर, अक्का, याफा, अस्कलान. आत जेरुसलेम आणि दमास्कस. जरा वर एडेसा. झालं. पहिल्यांदा काढताना धक्का बसतो तो देशाच्या लहानपणाचा. याफा बंदरापासून जेरुसलेम साठेक किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळा. रिचर्ड दोनदा जेरुसलेमच्या जवळ जाऊन परतला, हे वाक्य नकाशा पाहिल्यावर वेगळंच लागतं.

एकाच गावाला दोन-तीन नावं असतात, तीही नकाशावरच लिहून टाका. एडेसा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा, अँटिऑक म्हणजे अंताक्या, टायर म्हणजे सूर. युरोपीय लेखक या सगळ्या मुलखाला ‘उत्रमेर’ म्हणतात, त्याचा अर्थ नुसता ‘समुद्रापलीकडे’.

माणसांच्या नावांत दोन अडचणी. फ्रँकांमध्ये नावं मोजकीच आणि बाल्डविन पाच, म्हणून नावापेक्षा गाव लक्षात ठेवा: त्रिपोलीचा रेमंड, इबेलिनचा बालियन. अरबी नावांत उलटं, एकाच माणसाला अनेक नावं. ‘सलाहुद्दीन’ हा किताब आहे, घरचं नाव युसूफ, आणि बापाचं नाव अय्यूब म्हणून घराणं अय्यूबी. त्याचा भाऊ अल-आदिल याचा किताब सैफुद्दीन, इंग्रजी कादंबऱ्यांत तोच ‘साफादिन’ होऊन येतो. मी बराच काळ या दोघांना वेगळी माणसं समजत होतो.

आणि मुसलमान पात्रं पश्चिमेकडून आलेल्या सगळ्यांनाच ‘फ्रंज’ किंवा ‘इफ्रंज’ म्हणतात, मग तो जर्मन असो की नॉर्मन. अरबी-फारसीतून फिरत फिरत तोच शब्द आपल्याकडे ‘फिरंगी’ झाला. आपण तो पोर्तुगिजांना लावला आणि युरोपी पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ म्हणालो. हे एकदा कळलं की दमास्कसच्या बाजारातले संवाद आपल्या बखरींच्या शेजारी येऊन बसतात.

तिसरी पायरी: ‘धर्मयुद्ध’ हा शब्द जरा बाजूला ठेवा

मराठीत आपण क्रुसेडला सर्रास धर्मयुद्ध म्हणतो. अडचण अशी की आपल्या कानात तो शब्द महाभारतातून येतो. तिथे धर्मयुद्ध म्हणजे नियम पाळून केलेलं युद्ध: सूर्यास्तानंतर शस्त्र नाही, निःशस्त्रावर वार नाही. क्रुसेडचा अर्थ तो नव्हे. निघालेले लोक स्वतःला यात्रेकरू समजत. वस्त्रावर कापडी क्रूस शिवून घेत, नवस बोलत, आणि पापक्षालन होईल या विश्वासाने चालू लागत. हत्यारबंद यात्रा, असं काहीसं डोळ्यांसमोर आणा. कादंबरीतला एखादा सरदार रडत रडत कबुलीजबाब देतो आणि दुसऱ्या दिवशी गाव जाळतो, तेव्हा तो ढोंगी आहे असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं, आणि चांगला लेखक ते पटवून देतो.

चौथी पायरी: ‘कोणाची बाजू’ विचारू नका, ‘कधी आलास’ ते विचारा

या लेखातलं मला खरं सांगायचं आहे ते हे. नवा वाचक पुस्तक उघडतो तो क्रूस विरुद्ध चंद्रकोर अशा मांडणीच्या अपेक्षेने. दीडशे पानांत तो गोंधळतो, कारण ख्रिस्ती सरदार मुसलमान अमिराशी तह करतोय, दोन मुसलमान शहरं एकमेकांविरुद्ध फ्रँकांची मदत मागतायत, आणि युरोपातून आलेला नवा सरदार या सगळ्यावर संतापतोय. तिथे दुसरी मोजपट्टी वापरा. प्रत्येक पात्र या मुलखात किती वर्षं आहे ते पाहा.

उत्तर सीरियातल्या शैझरच्या किल्ल्यातला उसामा इब्न मुन्किझ हा अरब सरदार १०९५ ते ११८८ असं लांब आयुष्य जगला आणि म्हातारपणी आठवणी लिहून गेला. जेरुसलेमला गेला की अल-अक्सा मशिदीजवळच्या एका छोट्या जागी तो नमाज पढत असे. अल-अक्सा तेव्हा टेम्पलर या ख्रिस्ती साधू-योद्ध्यांच्या ताब्यात होती आणि ते त्याचे मित्र होते. एकदा नमाज चालू असताना एका फ्रँकाने त्याला धरून पूर्वेकडे वळवलं: प्रार्थना अशी करायची! टेम्पलरांनी त्याला बाहेर काढलं, पण नजर चुकवून तो पुन्हा आला आणि पुन्हा तेच. शेवटी टेम्पलरांनी उसामाची माफी मागितली: हा नुकताच आलाय हो, पूर्वेकडे तोंड न करता प्रार्थना करणारा माणूस याने कधी पाहिलेला नाही.

या विषयावरच्या निम्म्या कादंबऱ्यांचं कथानक या एका प्रसंगात आहे. इथे मुरलेल्या फ्रँकाला ठाऊक असतं की पाऊस गेला की शेजारच्या अमिराकडूनच धान्य घ्यायचंय. बोटीतून कालच उतरलेल्याला शत्रू हवा असतो. तिकडच्या बाजूलाही हेच. ११८४ मध्ये स्पेनहून हजला आलेला प्रवासी इब्न जुबैर दमास्कसहून अक्काच्या वाटेवरून गेला तेव्हा फ्रँकांच्या अमलाखालचे मुसलमान शेतकरी बरे जगताना पाहून तो खूश झाला नाही, अस्वस्थ झाला. तोही बाहेरून आलेला होता.

ही मोजपट्टी लावून ‘गी’ला पाहा, रिचर्डला पाहा, सगळे संवाद उलगडायला लागतात.

पाचवी पायरी: कोणती पुस्तकं, कोणत्या क्रमाने

बरीचशी इंग्रजीतूनच वाचावी लागतील, तेव्हा भाषा सोपी असलेल्या पुस्तकापासून सुरुवात केलेली बरी.

स्वीडिश लेखक यान गियू यांची आर्न नावाच्या नायकाची त्रयी (१९९८ ते २०००) पहिली घ्या. इंग्रजीत पहिला भाग ‘द रोड टू जेरुसलेम’. नाव फसवं आहे, पहिला भाग जवळजवळ पूर्ण स्वीडनमध्येच घडतो, मठात वाढलेल्या मुलाची गोष्ट म्हणून. दुसऱ्या भागात तो टेम्पलर होऊन पॅलेस्टाइनमध्ये भेटतो, आणि एव्हाना तो ‘मुरलेला’ असतो. मी वर सांगितलेला फरक एकाच माणसात पाहायला मिळतो. आर्न काल्पनिक आहे आणि जरा जास्तच सद्गुणी आहे. ते सोसा.

लगेच नंतर तारिक अली यांची ‘द बुक ऑफ सलादिन’ (१९९८). एक ज्यू लेखनिक सलाहुद्दीनची जीवनकथा लिहून घेतोय, अशी रचना. लेखनिक कल्पित आहे, पण त्याची शिफारस करणारा तत्त्वज्ञ-वैद्य मैमोनिदीस खरा, तो त्या काळी कैरोतच होता. इथे बायकांच्या अंतःपुरातल्या गप्पा आहेत, राजकारणाच्या चहाड्या आहेत, आणि तेच हत्तीन उलट्या बाजूने येतं. दोन पुस्तकांत एकच लढाई पाठोपाठ वाचण्यासारखा अभ्यास नाही.

वॉल्टर स्कॉटची ‘द टॅलिस्मन’ (१८२५) लोक आधी सुचवतात. मी शेवटी सुचवेन. त्यात सलाहुद्दीन हकिमाच्या वेषात येऊन आजारी रिचर्डला बरं करतो. मजेदार आहे, पण प्रत्यक्षात ते दोघे एकमेकांना कधीच भेटले नाहीत. आजारी रिचर्डला सलाहुद्दीनने फळं आणि बर्फ पाठवलं एवढं खरं, आणि त्या बर्फावर स्कॉटने अख्खी कादंबरी उभी केली. उदार सुलतान ही जी प्रतिमा आज आपण गृहीत धरतो ती घडवण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे, म्हणून वाचायचं. इंग्रजी जड आहे, वर्णनं गाळलीत तरी चालतील.

उंबेर्तो एको यांची ‘बाउदोलिनो’ (२०००) मात्र मुरलेल्यांसाठी. जेरुसलेमला निघालेली चौथी मोहीम १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल या ख्रिस्ती शहरावरच तुटून पडली. ते शहर जळत असताना एक पट्टीचा खोटारडा आपली कहाणी एका खऱ्याखुऱ्या बायझंटिन इतिहासकाराला सांगतोय. काय खरं मानायचं हा प्रश्नच तिथे विषय आहे.

कादंबरी नसलेलं एकच पुस्तक शेजारी ठेवा: अमीन मालूफ यांचं अरबांच्या नजरेतून पाहिलेल्या क्रुसेड्सविषयीचं (१९८३). ते कादंबरीसारखंच वाचता येतं.

सहावी पायरी: लेखकाची परीक्षा घ्या

प्रामाणिक कादंबरी कशी ओळखायची? मी दोन प्रसंग शोधतो. २० ऑगस्ट ११९१ ला अक्काबाहेर रिचर्डने सुमारे २७०० मुसलमान कैदी कापून काढले. आणि हत्तीननंतर सलाहुद्दीनने हाती लागलेल्या टेम्पलर व त्यांच्यासारख्याच हॉस्पिटलर योद्ध्यांची मुंडकी उडवली, तीही बऱ्याच ठिकाणी लढवय्यांऐवजी धार्मिक पंडितांच्या हातून. रिचर्डभक्त लेखक पहिला प्रसंग एका वाक्यात उरकतो, सलाहुद्दीनभक्त दुसरा. दोन्ही ठिकाणी थांबणारा लेखक मिळाला तर त्याची बाकीची पुस्तकंही घ्या. जेरुसलेमच्या १०९९ च्या कत्तलीबद्दल मात्र आकड्यांवर भांडू नका, जुन्या ग्रंथांतले आकडे फुगवलेले आहेत. कत्तल झाली, एवढं नक्की.

सिनेमा पाहून इकडे आलेल्यांसाठी एक टीप. २००५ च्या ‘किंगडम ऑफ हेवन’मधला बालियन हा फ्रान्समधला लोहार आहे. खरा बालियन तिथल्याच बड्या घराण्यातला, विधवा राणी मारिया कोम्निनीचा नवरा. हत्तीनहून निसटल्यावर बायकामुलांना जेरुसलेममधून काढायला त्याने सलाहुद्दीनकडे परवानगी मागितली; अट होती एका रात्रीची आणि शस्त्र न उचलण्याची. शहरात शिरल्यावर लोक त्याला सोडेनात. मग त्याने सुलतानालाच निरोप पाठवला की मला शपथेतून मोकळं करा. सुलतानाने केलं, वर बायकोला सोबत देऊन सुखरूप पोचवलं. इतकं असताना लोहार कशाला लागतो, कळत नाही.

व्हिडिओ गेममधून ‘असासिन’ भेटलेलेही बरेच असतील. हे म्हणजे निझारी इस्माइली, शिया मुसलमानांचा एक पंथ; इराणात अलमूत आणि सीरियात मस्याफ ही त्यांची ठाणी. त्यांनी सलाहुद्दीनवर दोनदा हल्ले केले, आणि ११९२ मध्ये टायरला माँफेराचा कॉनराड जेरुसलेमचा राजा म्हणून निवडला गेल्यावर काही दिवसांतच मारला. गुंगीचं पेय पाजून बागेत नेण्याची गोष्ट मार्को पोलोने सांगितली आणि पुढे सगळ्यांनी उचलली. ‘असासिन’ शब्दामागचा ‘हशीशी’, म्हणजे नशेबाज, ही विरोधकांनी दिलेली शिवी होती. आता गंमत पाहा: त्याच निझारी इमामांची परंपरा सांगणारे पहिले आगाखान, हसन अली शाह, एकोणिसाव्या शतकात मुंबईत येऊन राहिले. १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातल्या खटल्यात त्यांच्या अधिकाराचा निकाल लागला, आणि त्या निकालपत्रात थेट अलमूतचा इतिहास आला आहे. त्यांची कबर माझगावला हसनाबादमध्ये आहे. कादंबरीतल्या खंजीरधाऱ्यांचा धागा असा भायखळ्याच्या पलीकडे येऊन पोचतो.

सातवी पायरी: लढाईची पानं

ही पानं गाळण्याचा मोह होतो. गड-किल्ल्यांवर हिंडलेल्या मराठी माणसाला खरं तर ती सोपी जातात. वेढा, रसद, कुमक, बुरूज, दुहेरी तटबंदी हे सगळं आपल्याकडे तयार आहे. फक्त सुरुंगात दारू नाही हे ध्यानात ठेवा. तटाखाली भुयार खणायचं, त्याला लाकडी टेकू द्यायचे आणि टेकू पेटवून तट खाली आणायचा. तोफा नाहीत, धोंडे फेकणारी मंजनीक यंत्रं आहेत.

हत्तीनची लढाई तर पाण्यासाठीच वाचायची. गीची फौज सफ्फूरियाच्या झऱ्यांवर बसली होती. ३ जुलैला ती तिबेरियसकडे निघाली, २५–३० किलोमीटर, भर उन्हात, वाटेत पुरेसं पाणी नाही. रात्र कोरड्या घशाने काढली, सकाळी शत्रूने वाळलं गवत पेटवून दिलं. लढाईनंतर तंबूत सलाहुद्दीन गीला थंड पाणी देतो. गी तो पेला शातियोंच्या रेनॉकडे सरकवतो आणि सुलतान लगेच बजावतो, याला मी पाणी दिलेलं नाही. पाहुण्याला पाणी दिलं की जीव राखायचा, हा तिथला रिवाज. खाल्ल्या मिठाला जागणं ज्यांना कळतं त्यांना या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. काफिले लुटणाऱ्या रेनॉचं डोकं त्यानंतर खांद्यावर राहिलं नाही.

ताटाकडेही लक्ष असू द्या. बाराव्या शतकातल्या सैनिकाच्या रश्श्यात बटाटा, टोमॅटो किंवा मिरची दिसली तर लेखकाने अभ्यास केलेला नाही, कारण हे जिन्नस अमेरिकेतून यायला अजून तीनशे वर्षं आहेत. कॉफीही नाही. साखर मात्र असते. टायर आणि अक्काच्या आसपास फ्रँकांची उसाची शेती होती.

पुढे काय

पंधरा वर्षं नीट बसली की पुढे सरका. कैरोत १२५० मध्ये काही महिने सुलताना झालेली शजर अद-दुर्र हे या सगळ्या काळातलं सगळ्यात कमी वापरलेलं पात्र आहे, तिच्यावर काही सापडलं तर सोडू नका. १२९१ चं अक्काचं पतन त्यानंतर. पहिली मोहीम सगळ्यात शेवटी.

ती जाडजूड कादंबरी मी गेल्या महिन्यात पुन्हा काढली. अँटिऑकचा वेढा अजून चालूच आहे. नॉर्मंडीचा रॉबर्ट आणि फ्लँडर्सचा रॉबर्ट आता वेगळे ओळखू येतात, आणि ब्ल्वाचा स्टीफन कधी पळ काढणार याची मी वाट पाहतोय. शहर पडायच्या अगदी तोंडावर तो जातो, बिचाऱ्याला ते माहीत नाही.